गुडघे दहिसरचे, हक्क डब्लिनचे

माझी आई जाहिरातीत झळकते आहे, ही बातमी मला वाकोल्याच्या मावशीकडून कळली. तिने आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'ही आपली ताई ना? आम्हाला सांगितलं पण नाही!' मावशी ही आईची धाकटी बहीण. न सांगितलेल्या गोष्टींचा तिला राग येतो आणि सांगितलेल्या ती विसरते.

व्हिडिओ छोटासाच होता. कुठल्याशा दवाखान्याचा लांब पॅसेज, चकचकीत पांढरी फरशी, आणि त्यावरून पाठमोरी चाललेली माझी आई. निळी साडी, काखेत पर्स. एक पाऊल टाकलं की सगळं अंग डावीकडे कलायचं, दुसरं टाकलं की उजवीकडे. पॅसेजच्या टोकाला जाऊन ती वळते आणि कॅमेऱ्याकडे बघून 'झालं का?' असं तोंड करते. तिच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'आधी'. मग ढँग करून एक आवाज, आणि 'नंतर'. नंतर म्हणजे काळ्या ट्रॅक पँटमधली, केस रंगवलेली, आईपेक्षा चांगलीच तरुण आणि वीतभर उंच बाई टकाटका जिने चढून जाते आणि वरून आपल्याला अंगठा दाखवते. खाली ओळ, 'ऑपरेशनशिवाय गुडघेदुखीला बाय बाय!'

वैद्यकशास्त्र एवढं पुढे गेलंय हे मला माहीत नव्हतं. गुडघ्याला तेल लावलं की उंची वाढते, वय उतरतं आणि साडीची ट्रॅक पँट होते.

प्रकार काय झाला असणार ते माझ्या लगेच लक्षात आलं. आई दहिसर पूर्वेला राहते. पूर्वी तिथे आमची बैठी चाळ होती, आता तिच्या जागी टॉवर आहे आणि आई सोळाव्या मजल्यावर आहे. मागच्या वर्षी त्या टॉवरच्या गेटपाशी बोरिवलीच्या एका गुडघ्यांच्या क्लिनिकने मोफत तपासणीचं शिबिर लावलं होतं. मोफत म्हटल्यावर सगळ्या विंगांचे गुडघे खाली उतरले. आईलाही त्यांनी क्लिनिकमध्ये बोलावलं, मशीनने शेक दिला, पट्टे बांधले. पहिल्याच दिवशी तिथल्या एका मुलीने फोन समोर धरून सांगितलं होतं, "आजी, जरा चालून दाखवा ना, डॉक्टरांना बघायचंय." आई चालली. डॉक्टरांना बघायचं होतं आणि डॉक्टर मनाने उदार असावेत. त्यांनी एकट्याने न बघता सगळ्या पश्चिम उपनगरांना दाखवलं. शेक घेऊन गुडघ्यांना काडीचाही फरक पडला नाही म्हणून आईने तिथे जाणं कधीच बंद केलं होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मुलुंडला राहते आणि घरी बसून इंग्रजीचं मराठी करते. मोबाइल कंपन्यांची माहितीपत्रकं, बँकांच्या अटी, मिक्सरच्या सूचना. आणि योग असा, की ज्या ॲपवर आईची ही जाहिरात फिरत होती त्या ॲपच्या गोपनीयता धोरणाचं मराठी मीच केलं होतं. सगळं नाही, फक्त शेवटचा भाग. त्याला 'प्रादेशिक सूचना' म्हणतात.

तो भाग कोणी वाचत नाही, म्हणून सांगते. आधीचं सगळं धोरण जगातल्या सगळ्यांना सारखंच असतं. आम्ही तुमचं काय काय घेतो आणि ते कोणाकोणाला देतो, याची कबुली इतक्या गोड भाषेत, की वाचणाऱ्याला वाटावं आपलाच सत्कार चाललाय. मग येतात प्रादेशिक सूचना. तुम्ही युरोपात राहत असाल तर तुम्हाला हे हक्क आहेत, हरकत घेण्याचा, मिटवून घेण्याचा, माणसाकडून फेरतपासणी मागण्याचा. पानंच्या पानं. अमेरिकेतल्या एका राज्यात राहत असाल तर आणखी वेगळे. ब्राझीलवाल्यांना वेगळे, कोरियावाल्यांना वेगळे. आणि मग भारत. भारताच्या वाट्याला एक परिच्छेद होता. त्यात लिहिलं होतं, की तुमची काही तक्रार असेल तर आमचे तक्रार निवारण अधिकारी आहेत. बस. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर पोचेपर्यंत वाढप्याच्या हातात नुसतं मीठ उरावं, तसं.

यावरून माझी अशी समजूत झाली, की हक्क हा नाशिवंत माल असावा. थंड हवेत बरा टिकतो. आपल्याकडच्या दमट हवेत त्याला लगेच बुरशी धरते, म्हणून कंपनी तो इकडे पाठवत नाही.

तो परिच्छेद मी मन लावून मराठीत आणला होता. त्यावर तपासनीस म्हणून पुण्याचे एक गृहस्थ होते. मी 'पुसून टाकणे' लिहिलं, त्यांनी 'निष्कासन' केलं. मी 'तुमचं म्हणणं' लिहिलं, त्यांनी 'आपले निवेदन' केलं. काम संपलं तेव्हा आमच्या हातून एक असा परिच्छेद तयार झाला होता, जो समजून घ्यायला मूळ इंग्रजी उघडावं लागे. आणि त्याच्या शेवटी अशी ओळ होती, 'मराठी अनुवाद केवळ सोयीसाठी असून, तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल.' ही ओळ मात्र फार स्वच्छ उतरली होती. तपासनीसांनीही तिला हात लावला नाही.

तर, व्हिडिओ बघितल्यावर मी आईला फोन केला. तिने उचलला नाही. शेजारच्या काकूंना लावला, तर त्या म्हणाल्या, "घरातच आहेत. दोन दिवस खाली उतरल्या नाहीत. मीच अभिनंदन केलं ना त्यांचं! म्हटलं, वहिनी, गुडघे बरे झाले नि आम्हाला पत्ता नाही!"

मी ठाण्यावरून, घोडबंदर रोडने दहिसर गाठलं. ॲप म्हणतं की जग जवळ आलंय. मुलुंड आणि दहिसर त्यातून सुटले असावेत.

आई सोफ्यावर बसली होती, टीव्ही बंद. फोन उलटा करून टीपॉयवर ठेवला होता, जसं काही त्याने काहीतरी आगळीक केली होती. घरात आमच्याशी ती मालवणीच बोलते. बाबा गिरणीत होते, गिरणी गेली, बाबाही गेले, चाळ गेली, पण तिची मालवणी कोणाला नेता आली नाही.

"बघलंस?" तिने विचारलं.

"बघितलं."

"औषध माका आणि गुण तिका!" ती म्हणाली. मला हसू आलं, तीही हसली. वाटलं, चला, एवढंच आहे तर ठीक आहे. मी चहा टाकायला उठले, तेवढ्यात ती मागून हळूच म्हणाली, "बाय, मी अशी चलतंय?"

मी वळले नाही. गॅस पेटवत राहिले.

"माका वाटलां, जराशी लचकतंय. कोणाच्या लक्षात येत नसतलां." ती परत म्हणाली, "अशी चलतंय मी? सगळ्यांसमोर? इतकी वर्सां?"

आपण चालताना मागून कसे दिसतो हे माणसाला कधीच दिसत नाही. आईलाही बाकीच्यांसारखंच ते न बघता आयुष्य काढता आलं असतं. ते तिला दाखवायचं काम एका गुडघ्याच्या दवाखान्याने केलं, आणि ते घराघरांत पोचवायचं काम एका कंपनीने केलं, जिच्या धोरणाचं पहिलंच वाक्य आहे, 'तुमची गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' ते वाक्य मराठीत कोणी केलं कोण जाणे. मी असते तर 'तुमची'च्या पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं असतं.

दहिसरच्या बाजारात रोज सकाळी जाऊन मासळीच्या टोपल्या चाळणारी माझी आई त्या दिवसापासून खाली उतरेना. मासळी ऑनलाइन येऊ लागली. पाकिटातले बोंबील बघून ती तोंड फिरवायची आणि म्हणायची, "हे कधी मेले ता ह्यांका तरी ठाऊक आसा काय?" पण खाली नाही म्हणजे नाही. गेटवर बायका बसलेल्या असतात. मागून बघतील.

मी तक्रार करायचं ठरवलं. मला वाटलं, त्या सूचनेचं मराठी आपणच केलंय, म्हणजे ओळखपाळख आहे.

जाहिरातीवरचे तीन ठिपके दाबले. 'ही जाहिरात तुम्हाला का आवडली नाही?' माझ्यासमोर पर्याय आले. माझ्या कामाची नाही. फारच वारंवार दिसते. अभिरुचीहीन आहे. 'ही माझी आई आहे' असा पर्याय नव्हता. मग मी 'तुमचा प्रदेश निवडा'वर गेले. गंमत म्हणून आधी युरोप निवडला. पान उघडलं, आणि काय सांगू, नुसती बाग! तुमचं छायाचित्र परवानगीशिवाय वापरलंय का? इथे दाबा. तब्येतीशी संबंधित आहे का? इथे दाबा, लवकर बघू. मग भारत निवडला. माझाच परिच्छेद समोर आला. आपले निवेदन तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पाठवावे.

मी निवेदन मराठीत लिहिलं. दहिसरच्या बाईविषयी बोरिवलीच्या दवाखान्याने लावलेल्या मराठी जाहिरातीबद्दल मुलुंडच्या बाईने कोणत्या भाषेत लिहावं? उत्तर इंग्रजीत आलं आणि लगेच आलं. कृपया समर्थित भाषेत लिहा. समर्थित भाषांत मराठी नव्हती. म्हणजे हक्क नाहीत हे मराठीत सांगायची सोय होती, पण ते मागायची नव्हती.

मी इंग्रजीत लिहिलं. त्यावर उत्तर आलं, की संबंधित व्यक्तीने स्वतःच्या खात्यावरून तक्रार करावी. आईचं खातं होतं, नातवाचे फोटो बघायला भावाने काढून दिलेलं. त्या खात्यावरून तक्रार केली. आता उत्तर आलं, की व्हिडिओतली व्यक्ती तुम्हीच आहात याची खात्री पटवण्यासाठी आपल्या चेहऱ्याचा एक छोटा व्हिडिओ काढून पाठवा. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, हळूच हसा.

मी आईला हे वाचून दाखवलं.

"म्हणजे माजो व्हिडिओ काढू नको म्हणून सांगूक परत व्हिडिओ काढूचो?" तिने विचारलं.

"हो."

"आणि हसूचा?"

"हळूच."

"सांग तेंका, हसूचा आसात तर ती जिन्यावरली हसात." आणि ती भाजी निवडायला बसली. गोपनीयतेच्या कायद्यावर मी बरंच वाचलंय, पण एवढी नेमकी टीका कुठे वाचली नाही.

त्याच आठवड्यात डब्लिनहून भावाचा फोन आला. तो तिथे नोकरीला आहे. नातू झाला तेव्हा आई काही महिने तिकडे राहून आली होती. तिथे त्या ॲपने तिला दर थोड्या दिवसांनी विचारलं होतं, हे चालेल का, ते चालेल का, नको असेल तर सांगा. आई वैतागायची, "सारखो काय विचारता हो?" विमान मुंबईत उतरलं आणि ॲपने विचारणं बंद केलं. सून बदलावी तसं ॲप बदललं.

"तू उगाच डोकं फोडतेयस," भाऊ म्हणाला. "इथून करतो मी. इथे असल्या गोष्टींना जाम घाबरतात हे लोक. आई इथे राहिलीय, माझी डिपेंडंट होती, मी करतो सगळं. तू बघ फक्त."

"कर बाबा," मी म्हटलं. "तुझ्याकडे हवा थंड आहे."

"म्हणजे?"

"काही नाही. कर."

त्याने केलं. आणि खरोखर, दोन-चार दिवसांत त्याचा उड्या मारतच फोन आला. "झालं! उतरवली जाहिरात! माफी मागितलीय लेखी. काय सांगत होतो तुला?" मी त्याला ते उत्तर जसंच्या तसं पाठवायला सांगितलं, कारण असली वाक्यं वाचणं हा माझा धंदा आहे. उत्तर नम्र होतं. झालेल्या त्रासाबद्दल खेद होता. आणि शेवटी एक ओळ होती. सदर मजकूर आता आपल्या प्रदेशात दिसणार नाही.

आपल्या प्रदेशात. म्हणजे डब्लिनमध्ये. आयर्लंडात आता माझ्या आईचे गुडघे कोणालाही बघता येणार नव्हते. नॉर्वेतल्या, पोर्तुगालमधल्या कोणाही इसमाने कितीही जिवाचा आटापिटा केला तरी दहिसरच्या बाईची चाल त्याच्या नजरेस पडणार नव्हती. सगळा युरोप खंड त्या बाबतीत सुरक्षित झाला होता. दहिसर, बोरिवली, कांदिवली इथे मात्र जाहिरात सुखरूप चालू होती. मावशी म्हणाली, आता वाकोल्याला तर दिवसातून दोनदा येते, मध्ये साबणाची.

मी हे भावाला सांगितलं, तेव्हा त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "वाट लागली, यार."

"नाही रे," मी म्हटलं. "आई पुढच्या वेळी तिकडे आली की ताठ मानेने फिरेल."

मग मी क्लिनिकलाच फोन केला. हे पहिलंच का केलं नाही असं कोणीही विचारेल. मी धोरणांच्या जगात राहते, तिथे शेजाऱ्याचं दार वाजवायची पद्धत नाही. रिसेप्शनवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "मॅडम, पेशंटची सही आहे ना आमच्याकडे. कन्सेंट घेतल्याशिवाय आम्ही काहीच करत नाही." मी म्हटलं, सही शेक घ्यायला केली होती. तर म्हणाली, "जाहिरातीचं सगळं अंधेरीची एजन्सी बघते, त्यांच्याशी बोला." अंधेरीच्या एजन्सीतला माणूस त्याहून गोड. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाय नाय मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. त्या पेशंट नाहीच. दोघी मॉडेल आहेत."

"दोघी?"

"हो ना. आधीवाली पण. झकास काम केलंय ना तिने? एकदम नॅचरल."

एकाकडे आईची सही होती आणि दुसऱ्याच्या मते आई नव्हतीच. या दोघांनी आपसात एकदा बोलून घ्यायला हरकत नव्हती.

हा फोन मी दहिसरच्या घरात, स्पीकरवर केला होता. ठरवून नाही, हात कणकेचे होते म्हणून. आई समोरच बसली होती. फोन संपल्यावर तिने पदर सारखा केला.

"मी मॉडेल?"

"आई, जाऊ दे, तो माणूस..."

"माज्या दुखण्याक नॅचरल म्हणता तो?" ती उठली. गुडघ्यांवर हात टेकून, नेहमीसारखी, दोन टप्प्यांत. "ऊठ गो बाय. रिक्षा बघ. आणि ताच्याआधी मावशीक फोन कर. तिका सांगितल्याशिवाय गेलंय तर वर्षभर बोलाची नाय."

किती दिवसांनी ती खाली उतरत होती. लिफ्टमधून बाहेर पडून गेटपर्यंत जाताना बायका बसलेल्या होत्याच. आईने कोणाकडे बघितलं नाही. मी तिच्या अगदी मागे चालत होते, का ते तिला कळलं. "बाजूक चल," ती म्हणाली. "झाकतंस कित्याक?"

मावशी वाकोल्याहून आमच्याआधी बोरिवलीला पोचली होती आणि क्लिनिकच्या दारात उभी राहून आत जाणाऱ्यांना बारकाईने न्याहाळत होती. आम्ही तिघी आत गेलो. वेटिंग रूम भरलेली. खुर्च्यांवर सगळीकडे गुडघे धरून बसलेली माणसं. आणि भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर आई. चालतेय, वळतेय, झालं का विचारतेय. ढँग. ट्रॅक पँट जिने चढतेय. परत आई.

मी रिसेप्शनकडे वळले. मी मनात सगळी मांडणी करून आले होते. संमतीचा हेतू, मर्यादित वापर, सगळे मुद्दे. त्यातला एकही बोलायची वेळ आली नाही. आई काउंटरकडे गेलीच नाही. ती थेट टीव्हीखाली जाऊन उभी राहिली. तीच निळी साडी तिने मुद्दाम नेसली होती हे मला तेव्हा दिसलं.

पहिल्या रांगेतल्या एका बाईने टीव्हीकडे बघितलं, आईकडे बघितलं, परत टीव्हीकडे. "अहो," ती म्हणाली, "तुम्हीच ना या?"

"मीच."

"अगंबाई! मग आता बरं आहे ना तुम्हाला? जिने वगैरे चढता?"

"ती दुसरी आहे," आई म्हणाली. बाहेरच्यांशी ती नीट शहरी मराठी बोलते. "मी ही. बघा." आणि ती चालायला लागली. टीव्हीखालून दारापर्यंत, दारापासून परत टीव्हीपर्यंत. डावीकडे कलत, उजवीकडे कलत. टीव्हीतली आई आणि खालची आई जवळजवळ एकाच तालात चालत होत्या.  काठी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "किती दिवस घेतली ट्रीटमेंट?"

"पुष्कळ," आई म्हणाली. "हे 'आधी' आहे ना, तेच नंतर पण आहे."

मावशीला एवढा वेळ गप्प राहिल्याचा त्रास होत होता. ती मोठ्याने म्हणाली, "आणि हे म्हणतात आमची ताई मॉडेल आहे! गिरणगावातली नि गिरगावातली कळत नाही ती एक वेळ चालेल, पेशंट नि मॉडेल पण कळत नाही?" याचा अर्थ कोणाला लागला नाही, पण लोक हसले, आणि हसल्यावर खोली आमची झाली. कोपऱ्यातली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "चला, उठा." तिचा नवरा उठायला लागला. त्यालाही दोन टप्पे लागले.

तेवढ्यात आतून डॉक्टर आले. तरुण, टापटीप, चेहऱ्यावर जाहिरातीतलंच हसू. "आजी, काय झालं? या ना, आत बसून शांतपणे बोलू."

आई थांबली. आता तिची शहरी मराठी संपली.

"आत कित्याक?" ती म्हणाली. "माका दाखवलास ता भायर, सगळ्यांका. आता बोलूचा तर भायरच."

डॉक्टरांना मालवणी येत असावी, किंवा काही वाक्यांना भाषा लागत नसावी. ते रिसेप्शनच्या मुलीकडे बघत राहिले, ती टीव्हीच्या रिमोटकडे. मग त्यांनी खिशातून फोन काढला, आमच्यासमोर एजन्सीला लावला आणि आवाज खाली ठेवत म्हणाले, "ती ओल्ड लेडीवाली काढ. हो, आत्ता. सगळीकडून." सगळीकडून. प्रदेश निवडावा लागला नाही.

टीव्ही बंद झाला. काळ्या काचेत आम्ही सगळेच दिसायला लागलो, म्हणून आईने तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी माफी मागितली, खरं तर बऱ्यापैकी मागितली. फुकट शेक देतो असंही म्हणाले. मावशीला तो घ्यावा असं वाटत होतं. आईने हात जोडले आणि निघाली.

बाहेर पडल्यावर आम्ही समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. मावशी सगळा प्रसंग परत परत सांगत होती, आम्ही तिथे नव्हतोच अशा थाटात. दर खेपेला तिचं स्वतःचं वाक्य थोडं लांबत होतं. आई मिसळीतला कांदा बाजूला काढत होती. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"वाटतां," ती म्हणाली. मग पाव मोडता मोडता म्हणाली, "पण आता माका ठाऊक झालां ना. ता काय तो डॉक्टर काढूक शकत नाय."

 याला पुण्याच्या तपासनीसांनाही शब्द सुचला नसता. मिटवून घेण्याचा हक्क जगातल्या कुठल्याही प्रदेशात त्या पॅसेजपर्यंतच पोचतो. माणसाने एकदा स्वतःला मागून बघितलं की ते कुठून मिटवायचं, यावर कुठेच सूचना नाही.

तक्रार निवारण अधिकाऱ्यांचं उत्तर आलं, पण ते गणपती येऊन गेल्यावर. आपण कळवलेला मजकूर आता उपलब्ध नसल्यामुळे कोणतीही कारवाई करण्याची आवश्यकता नाही, असं त्यात होतं. खाली पाच तारे होते, आमच्या सेवेबद्दल आपला अनुभव कसा होता. मी तो मेल भावाला पाठवला. त्याने हसण्याचे चेहरे पाठवले, आणि थोड्या वेळाने लिहिलं, 'आई खाली उतरते का आता?'

उतरते. लगेच नाही उतरली. आधी संध्याकाळी अंधार पडल्यावर दुधाला जायची, मग हळूहळू सकाळी. अनेक वर्षं आम्ही दोघं भावंडं तिच्या मागे लागलो होतो, काठी घे, काठी घे, आणि ती म्हणायची, काठी म्हाताऱ्यांना. एक दिवस मी गेले तर दाराआड काठी उभी होती, रबराची टोपी घातलेली, तपकिरी.  आईच म्हणाली, "मागसून बघणाऱ्यांका आता काठी दिसता."

त्या दिवशी मी तिच्याबरोबर बाजारात गेले. दहिसरच्या मासळीवाल्या कोळीणबाई तिला इतक्या दिवसांनी बघून ओरडल्या, "कुठं होतीस गं माय? परदेशी गेलेलीस?" आईने काठी टोपलीला टेकवून ठेवली, वाकून एक पापलेट उचललं, त्याचा कल्ला उघडून बघितला आणि ते परत ठेवलं.

"कालचो आसा," ती म्हणाली.

"सकाळचा आहे माय, शपथ!"

"कालचो आसा," आई म्हणाली आणि शेजारच्या टोपलीकडे वळली. मी पिशवी धरून उभी होते. भांडण पुढे बराच वेळ चाललं.